जर्मनीतल्या पब्लिक युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगचं मास्टर्स: ७.४ सीजीपीएवर होईल का आणि पुढे निभेल का

तू विचारलंयस की मेकॅनिकलला सीजीपीए ७.४ आहे, पुण्यात डिझाइनमध्ये दोन वर्षं नोकरी झालीये, जर्मनीत मास्टर्स करायचंय, पण कन्सल्टंट म्हणतोय एवढ्या मार्कांवर पब्लिक युनिव्हर्सिटी मिळणार नाही आणि मिळालीच तरी तिथे पास होणं फार अवघड, त्यापेक्षा प्रायव्हेट घे, ॲडमिशन पक्कं. आणि बाबा कर्ज काढायला तयार आहेत. मी इथे जर्मनीतल्याच एका टेक्निकल युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकलचं मास्टर्स केलं, शिकताना त्याच डिपार्टमेंटमध्ये ज्युनियर मुलांचे ट्युटोरियल घ्यायचे, आता सिम्युलेशनमध्ये नोकरी करते. हाच प्रश्न दरवर्षी येतो म्हणून यावेळी जरा नीट, सगळंच लिहिते.

७.४ वर होतं. कन्सल्टंटचं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याबद्दलच जास्त बोलायला हवं कारण त्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही.

आधी मार्कांचं बघू. इथे १.० सगळ्यात चांगला ग्रेड, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. आपला सीजीपीए त्यात बदलायला मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात: जास्तीत जास्त ग्रेडमधून तुझा ग्रेड वजा कर, त्याला जास्तीत जास्त वजा किमान पासिंग याने भाग, तीनने गुण, एक मिळव. तुझ्या युनिव्हर्सिटीत पासिंगचा ग्रेड पॉइंट ४ असेल तर ७.४ चे होतात २.३. पासिंग ५ असेल तर तेच ७.४ होतात २.५६. आता बऱ्याच कोर्सेसची अट २.५ किंवा त्याहून चांगला अशी असते, म्हणजे या एका आकड्यावर तू आत किंवा बाहेर. म्हणून सगळ्यात आधी मार्कशीटच्या मागे ग्रेडिंग स्कीम छापलेली असते ती वाच, नसेल तर युनिव्हर्सिटीतून पासिंग किती ते लिहिलेलं अधिकृत पत्र घेऊन ठेव. मुलं आयईएलटीएसमध्ये अर्धा बँड वाढवायला महिना घालवतात आणि हे पत्र आणायचा कंटाळा करतात.

पण ग्रेडपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे विषय जुळणं, आणि इथेच सगळ्यात जास्त रिजेक्शन येतात. आपल्याकडे कसं असतं, बीई झालंय ना, एन्ट्रन्सचा स्कोअर आहे ना, मग सीट मिळाली. इथे प्रत्येक कोर्सचे स्वतःचे प्रवेशाचे नियम असतात, त्यात चक्क लिहिलेलं असतं की गणित किमान इतके ईसीटीएस, टेक्निकल मेकॅनिक्स इतके, थर्मोडायनॅमिक्स, कंट्रोल, मटेरियल्स इतके इतके. ईसीटीएस म्हणजे युरोपातलं क्रेडिट, इथे एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चरही आलं आणि घरी बसून केलेला अभ्यासही. आपल्या क्रेडिट्सचं रूपांतर करताना बऱ्याचदा चार वर्षांची पूर्ण डिग्री २४० ईसीटीएस धरतात आणि त्या प्रमाणात प्रत्येक विषय मोजतात. मग होतं काय की मुलगा मेकॅनिकलचा, त्याला नाव आवडलं म्हणून तो कम्प्युटेशनल किंवा रोबोटिक्सच्या कोर्सला टाकतो, तिथे मागितलेलं असतं प्रोग्रॅमिंग आणि न्यूमेरिकल मेथड्सचं भरपूर क्रेडिट, याच्याकडे अख्ख्या डिग्रीत एकच विषय, आणि ९ सीजीपीए असूनही सरळ नकार येतो. आणि ७.२ वाल्याला दुसऱ्या कोर्सला मिळतं कारण त्याचे विषय बरोबर बसतात. यात नशिबाचा भाग कमी आहे, वाचण्याचा जास्त आहे.

तर तू काय कर, एक एक्सेल उघड, एका बाजूला कोर्सच्या नियमातले विषय आणि क्रेडिट, दुसऱ्या बाजूला तुझ्या आठही सेमिस्टरचे विषय, आणि प्रामाणिकपणे जुळव. बऱ्याच युनिव्हर्सिट्या मॉड्यूल डिस्क्रिप्शन मागतात, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, कुठली पुस्तकं. हे स्वतःच्या मनाने लिहू नकोस, युनिव्हर्सिटीच्या अधिकृत सिलॅबसमधून घे, आणि नाव वेगळं असलं तरी आतला मजकूर जुळतोय हे दिसू दे. उदाहरणार्थ आपल्याकडे थिअरी ऑफ मशिन्समध्ये जे डायनॅमिक्स आणि व्हायब्रेशन होतं त्यातलं बरंचसं त्यांच्या टेक्निकल मेकॅनिक्सच्या तिसऱ्या भागात बसतं, पण नुसतं विषयाचं नाव बघून समोरच्याला ते कळणार नाही. थोडं कमी पडत असेल तर काही ठिकाणी अट घालून प्रवेश देतात, की आल्यावर बॅचलरचे हे दोन विषय पास कर. ते वाईट नाही, पण तेवढा भार पहिल्या वर्षात वाढतो हे धरून चाल.

फीचं. पब्लिकमध्ये फी नाही हे बहुतेक ठिकाणी खरं आहे पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूहचं केआयटी, स्टुटगार्ट वगैरे, युरोपियन युनियनच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या विंटर सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या टीयूएमने २०२४-२५ च्या विंटरपासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४००० किंवा ६००० युरो. बाकी बहुतेक ठिकाणी फक्त सेमिस्टर कॉन्ट्रिब्युशन, शेदीडशेपासून साडेतीनशे-चारशे युरोपर्यंत, त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचं तिकीट पण येतं. खरा खर्च राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते तुझेच पैसे, महिन्याला ९९२ प्रमाणे तुला परत मिळतात. रुपयात ते बारा लाखांच्या आसपास जातं, नेमका आकडा त्या दिवसाच्या दरावर. बाबांना हा आकडा सांग आणि त्याच्या शेजारी प्रायव्हेटचा आकडा ठेव, कारण प्रायव्हेटमध्ये हे ब्लॉक्ड अकाउंट तर लागतंच आणि वर ट्यूशन फी वेगळी.

प्रायव्हेटबद्दल मला राग नाहीये, काही चांगल्या आहेत, नोकरी करता करता शिकणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. पण तुझ्यासारख्या कोअर मेकॅनिकलच्या मुलाने लॅब नसलेल्या, फक्त मॅनेजमेंटचे विषय आणि नावात इंजिनिअरिंग असलेल्या कोर्सला घरावर कर्ज काढून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पब्लिक युनिव्हर्सिट्या ॲडमिशनसाठी एजंटांना कमिशन देत नाहीत, काही प्रायव्हेट देतात, हे लक्षात ठेवून कन्सल्टंटचा सल्ला ऐक. त्याला थेट विचार की माझ्या कुठल्या विषयाचे किती क्रेडिट कुठल्या कोर्सला कमी पडतात. उत्तर देता आलं नाही तर त्याने तुझी फाइल उघडूनच बघितलेली नाही.

आता टीयू की एफएच. टीयू म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटी, त्यातल्या नऊ जुन्या मोठ्या टीयू नाइन म्हणून ओळखल्या जातात: आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मस्टाट, ड्रेस्डेन, हानोवर, कार्ल्सरूह, म्युनिक, स्टुटगार्ट. इथे थिअरी खोल, गणित जड, प्रोफेसरांचं रिसर्चवर लक्ष. एफएच म्हणजे ज्यांना आता बऱ्याचदा एचएडब्ल्यू म्हणतात, त्या पण सरकारीच, पण प्रॅक्टिकलकडे झुकलेल्या, बॅच लहान, प्रोफेसर स्वतः इंडस्ट्रीतून आलेले. आपल्याकडे मुलांना एफएच म्हणजे दुय्यम वाटतं, ते सोडून दे. पीएचडी डोक्यात असेल किंवा सीएफडी (कम्प्युटरवर प्रवाहांचं सिम्युलेशन), कंट्रोल, मटेरियल मॉडेलिंग असं काही खोलात करायचं असेल तर टीयू. डिझाइन, प्रॉडक्शन, ऑटोमोटिव्हमध्ये नोकरी हवी असेल आणि तुझ्यासारखा अनुभव असेल तर चांगल्या एफएचमध्ये तू जास्त खूश राहशील, कंपन्यांशी त्यांचे संबंध जवळचे असतात. तुझ्या प्रोफाइलवर मी तीन टीयू आणि चार एफएच असं काहीतरी मिश्रण करीन.

कागदपत्रांचं पटकन सांगते. भारतीय डिग्रीवाल्यांना नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी डिग्रीची कागदपत्रं खरी आहेत हे तपासून दिलेला दाखला, लागतं, फी १८,००० रुपये, वेळ लागतो, म्हणून ते पहिलं. कोर्स शोधायला डीएएडी या जर्मन शैक्षणिक संस्थेचा डेटाबेस वापर, तिथून युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पानावर जा आणि शेवटचा शब्द त्या पानाचाच मान. अनेक ठिकाणी अर्ज युनि-असिस्टमधून, म्हणजे युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेतून जातो, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. विंटर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, अर्जाची तारीख कुठे १ मार्च, कुठे ३१ मे, कुठे १५ जुलै, एकच तारीख सगळीकडे नसते. आणि युनि-असिस्टमधून जाणाऱ्या अर्जाला तपासणीत काही आठवडे जातात म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस.

आता ते अर्धं खरं. पास होणं अवघड आहे का? अवघड आहे, पण हुशारी कमी पडते म्हणून नाही. मी ट्युटोरियल घ्यायचे तेव्हा बघायचे, आपली मुलं गणितात कुठेही कमी नव्हती. अडकायची ती पद्धतीत.

पद्धत अशी आहे की सेमिस्टरभर तुला कोणी काही विचारत नाही. बहुतेक लेक्चरला हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही, सबमिशन नाही, फाइलवर सही नाही. वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, तू गेलास काय, नाही गेलास काय, कुणाचा फोन येणार नाही. आणि मग सेमिस्टरच्या शेवटी एकच लेखी परीक्षा, दीड-दोन तासांची, त्यावर शंभर टक्के ग्रेड. पेपरमध्ये व्याख्या लिहा, टिपा लिहा असलं काही नसतं, एक सिस्टीम देतील आणि म्हणतील मॉडेल कर, समीकरणं मांड, सोडव. आपल्याकडे लोकल ऑथरचं पुस्तक घेऊन शेवटच्या पंधरा दिवसांत जे व्हायचं ते इथे होत नाही. जो दर आठवड्याच्या युबुंगला, म्हणजे गणितं सोडवायच्या तासाला, आधी स्वतः गणित करून बसतो तो निघतो, आणि जो तिथे फक्त उतरवून घेतो त्याला पेपरमध्ये पहिलं समीकरणच सुचत नाही. हा फरक मी इतक्यांदा बघितलाय की यात मला शंका नाही.

दुसरं म्हणजे परीक्षेचं रजिस्ट्रेशन. लेक्चरला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, त्याची वेगळी मुदत असते, ती चुकली की त्या सेमिस्टरला तो पेपर गेला. तसंच तयारी झाली नसेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत नाव काढूनही घेता येतं, पण नाव ठेवून गेलाच नाहीस, डॉक्टरचं सर्टिफिकेटही नाही, तर नापास धरतात. आणि बऱ्याच ठिकाणी एका विषयाला फक्त तीन प्रयत्न. तिसऱ्यांदा गेला आणि तो विषय सक्तीचा असेल तर नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे घेणंही बहुतेक वेळा बंद होतं. हे वाचून घाबरू नकोस, पण आपल्याकडे केटी, म्हणजे राहिलेल्या विषयाची परीक्षा, जशी पुन्हा पुन्हा देता येते तसं इथे नाही हे पहिल्या दिवसापासून डोक्यात असू दे. प्रत्येक कोर्सचे परीक्षेचे नियम एका पीडीएफमध्ये असतात, जर्मनमध्ये असले तरी भाषांतर करून शब्द न् शब्द वाच. ॲडमिशन घ्यायच्याही आधी वाच, कारण सक्तीचे विषय कमी आणि निवडीचे जास्त असलेला कोर्स तुझ्यासारख्याला सोपा जातो, एखादा निवडीचा विषय गेला तर काही ठिकाणी तो बदलून दुसरा घेता येतो.

आणि मदत असते, फक्त ती मागावी लागते. विद्यार्थ्यांची संघटना असते, फाखशाफ्ट म्हणतात, त्यांच्याकडे जुने पेपर मिळतात. प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळा असतात, ईमेल करून जाता येतं, डिपार्टमेंटचे असिस्टंट मनापासून समजावतात. निकाल लागल्यावर स्वतःचा तपासलेला पेपर बघायचा हक्क असतो, तिथे जा, मार्क वाढोत न वाढोत, आपण कुठे चुकतोय ते कळतं. आपली मुलं संकोच करतात, सरांना कसं विचारायचं म्हणून गप्प बसतात आणि सेमिस्टर निघून जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं कारण समोरचा माणूस दार उघडं ठेवून बसलेला असतो.

पहिल्या सेमिस्टरला सगळे ३० क्रेडिट घ्यायचा अट्टहास करू नकोस. पूर्ण डिग्री १२० क्रेडिटची, त्यातले बहुधा ३० थिसिसचे, कागदावर चार सेमिस्टर, पण पाच-सहा लागणारे जर्मन विद्यार्थीही भरपूर असतात आणि कोणी त्याकडे डाग म्हणून बघत नाही. आल्या आल्या घर शोधायचं, दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, इन्शुरन्स, बँक, रेसिडन्स परमिट, यातच पहिला दीड महिना जातो. चार विषय नीट झाले तरी पुरे. हॉस्टेलसाठी मात्र ॲडमिशन लेटर येताच, जमलं तर त्याआधीच, अर्ज करून टाक, मोठ्या शहरात वेटिंग लांबलचक असतं. आणि दर सेमिस्टरला कॉन्ट्रिब्युशन भरून पुन्हा नाव नोंदवायचं असतं, ते विसरून नाव कमी झालेली मुलं मला माहीत आहेत, सगळी फजिती एका न वाचलेल्या ईमेलमुळे.

कामाचं. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, किंवा सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. युनिव्हर्सिटीतच असिस्टंटचं काम मिळालं, ज्याला हिवी म्हणतात, तर ते या दिवसांत धरत नाहीत, आणि माझ्या मते पहिल्या वर्षी हेच सगळ्यात चांगलं काम, पैसे थोडे कमी पण प्रोफेसर ओळखतात, थिसिसचा विषय तिथूनच निघतो. दुसऱ्या वर्षी कंपनीत वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता पार्ट-टाइम काम करणारा विद्यार्थी, म्हणून जा, तुझा दोन वर्षांचा डिझाइनचा अनुभव तिथे उपयोगी पडेल. फक्त घरखर्च कामावर भागेल असं धरून ब्लॉक्ड अकाउंट जेमतेम करून येऊ नकोस. पहिले सहा महिने काम मिळेलच असं नाही, आणि रात्री गोदामात काम करून सकाळी फायनाइट एलिमेंटचं लेक्चर डोक्यात शिरत नाही.

आणि जर्मन. कोर्स इंग्लिशमधून असला तरी मेकॅनिकलच्या नोकरीला, विशेषतः लहान-मध्यम कंपन्यांत, बी२ च्या आसपास जर्मन लागतंच (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). सॉफ्टवेअरवाल्यांना कदाचित चालून जाईल, आपल्याला नाही, कारण आपलं काम शॉप फ्लोअरवरच्या माणसाशी, सप्लायरशी बोलण्याचं असतं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्या काळात अडलेल्या बहुतेकांचं कारण भाषा असते. इथे आल्यावर शिकू असं सगळे म्हणतात, आल्यावर वेळ मिळत नाही. तू पुण्यात आहेस, मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, नोकरी सांभाळून वीकेंडला ए१, ए२ तिथेच संपव, जमलं तर बी१ पर्यंत जा.

आता तुझा शेवटचा प्रश्न, नोकरी आत्ता सोडू का. नाही. या आठवड्यात युनिव्हर्सिटीत जाऊन ट्रान्सक्रिप्ट आणि पासिंगच्या ग्रेडचं पत्र यासाठी अर्ज कर, ते हातात आलं की एपीएस टाक, त्याच दरम्यान जर्मनचा क्लास लाव आणि ते विषय जुळवायचं एक्सेल सात-आठ कोर्सेससाठी पूर्ण कर. ॲडमिशन लेटर आणि व्हिसाची तारीख दोन्ही हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, पगार येत राहिला तर ब्लॉक्ड अकाउंटमधला थोडा भाग तुझा स्वतःचा असेल आणि बाबांचं कर्ज तेवढं कमी होईल. एक्सेल झालं की कुठल्या विषयावर अडलास ते इथेच विचार, विषयाचा सिलॅबस सोबत टाक म्हणजे मला नीट सांगता येईल.